खरजेचा किडा : टाचणीच्या टोकावरचा पुरावा

वर्गात एखादे मूल सारखे बोटांच्या बेचक्यांत खाजवत असते. आपण त्याला रोज आंघोळ कर, नखे काप असे सांगतो. घरचे लोक डॉक्टरांकडे नेतात आणि 'उष्णतेचे आहे', 'ॲलर्जी आहे' असे ऐकून, एक मलम घेऊन परत येतात. मूल मात्र सांगत असते की खाज रात्री फार सुटते आणि धाकट्या बहिणीलाही सुटते. हे कोणी नीट ऐकून घेतले तर खरजेचा संशय यायला पुष्कळदा तेवढे पुरते. पण ऐकून न घेण्याची या रोगात जुनी परंपराच आहे.

इटलीच्या लिव्होर्नो बंदरात जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा तरुण डॉक्टर आणि जाचिन्तो चेस्तोनी हा औषधविक्रेता यांना एक गोष्ट ठाऊक झाली होती. गरीब बायका आपल्या खरजुल्या मुलांच्या कातडीतून टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक पांढरे टिपून काढीत आणि नखावर चिरडीत. बंदरावरचे गुलामही एकमेकांसाठी हेच करीत. या दोघांनी ते 'काहीतरी' सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कासवाच्या आकाराचा एक जिवंत प्राणी चालताना दिसला. पुढे एकाने अंडे घातलेलेही त्यांना दिसले.

१६८७ साली हे सारे त्यांनी फ्रान्चेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. रेदी म्हणजे मांसाच्या बरण्यांवर जाळी बांधून 'अळ्या आपोआप होत नाहीत' हे दाखवणारे तेच, आपल्या पाठ्यपुस्तकातले. त्यामुळे त्या अंड्याचे मोल किती होते हे आपल्या लक्षात येईल. खरूज म्हणजे शरीरातील दोष बिघडून बाहेर पडणे, असे तेव्हाचे वैद्यक मानी. किडा दिसलाच, तर तो त्या बिघाडातून उपजला असे म्हणता येई. पण किडा अंड्यातून येत असेल आणि स्पर्शाने एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात असेल, तर पोटातून दिलेल्या औषधांचा उपयोग काय? बाहेरून लावायचे औषधच हवे, असे पत्रात सरळ म्हटले होते.

रोममधील मोठे वैद्य लान्चिसी यांना हे पटले नाही. बोनोमोने वाद वाढवला नाही, आणि पत्र विस्मृतीत गेले. रेचके देणे, रक्त काढणे चालू राहिले. बाहेरून लेप लावून खरूज दाबली तर रोग आत शिरेल, ही भीतीही होतीच.

पुढचा प्रसंग पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातला. त्वचारोगांसाठी ते प्रसिद्ध होते. १८१२ साली गालेस यांनी तेथे खरजेचा किडा सापडल्याचे प्रबंधात जाहीर केले, चित्रही छापले. इतरांनी शोधला तर कोणालाच मिळेना. १८२९ मध्ये रास्पाय यांनी दाखवून दिले की गालेसच्या चित्रातला प्राणी चीजमध्ये होणारा माइट होता! मग उलटीच लाट आली. किडा वगैरे काही नसतोच, असे जाणते लोक म्हणू लागले. दाखवणाऱ्याला बक्षीसही जाहीर झाले.

१८३४ च्या ऑगस्टमध्ये रेनुची हा कॉर्सिका बेटावरचा विद्यार्थी त्या रुग्णालयात उभा राहिला आणि त्याने सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. त्याच्याकडे नवे यंत्र नव्हते. गावाकडच्या बायका किडा कसा काढतात हे त्याने पाहिले होते, एवढेच. डॉक्टर मंडळी पाण्याने भरलेल्या पुळीत शोधत होती. किडा पुळीत नसतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बारीक बोगदा खणते आणि त्याच्या टोकाशी बसते.

(किडा हा आपला बोलण्यातला शब्द. पूर्ण वाढलेल्या या प्राण्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतातला. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते.)

पण किडा मान्य झाल्यावरही रुग्णाचे म्हणणे आणि डॉक्टरचे पाहणे यांत अंतर उरले. त्याचे कारण दुसऱ्या महायुद्धात कळले. १९४१ पासून इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलॅन्बी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. युद्धात लढण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले हे तरुण. पहिल्यांदा लागण झाल्यावर त्यांना जवळजवळ महिनाभर काही जाणवलेच नाही. खाज नंतर सुरू झाली. दुसऱ्यांदा लागण झाल्यावर मात्र ती एका दिवसातच सुटली. म्हणजे खाज ही किड्याविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे. (या अर्थी 'ॲलर्जी' म्हणणारा डॉक्टर अगदीच चुकत नाही, तो अर्ध्यावर थांबतो.) रुग्णांच्या अंगावरच्या माद्याही त्यांनी मोजल्या. सरासरी निघाली सुमारे ११. सर्वांग खाजते, आणि शोधायचे असतात अकरा ठिपके! घाईच्या तपासणीत काही दिसले नाही, तर 'काही नाही' असा अर्थ काढणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे. वर स्टेरॉइडचे मलम चोळले असेल तर खाज आणि पुरळ दबते, किडे तसेच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. एका वेळी जगात २० कोटींहून अधिक लोकांना ती असते असा अंदाज आहे. परमेथ्रिनचे मलम, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, जुने गंधकाचे मलम, असे उपाय आज आहेत. घरातल्या सर्वांनी, खाजत नसणाऱ्यांनीसुद्धा, एकाच दिवशी उपचार घ्यायचा. मलम असेल तर ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा घ्यायचा. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते. हे आधी कोणी सांगितले नाही, तर आई चौथ्या दिवशी औषध कुचकामी ठरवून टाकून देते, किंवा रोजच लावत सुटते आणि मुलाची कातडी भाजून निघते.