जिची क्लिप नाही ती चढाई : कबड्डीतले बघत राहावेत असे खेळाडू

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत हेडफोन विसरलेल्यांसाठी, आणि "तू फार भरभर बोलतोस" अशी तक्रार करणाऱ्यांसाठी. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त खोकला काढून टाकलाय.

विषय सुचला ऑफिसच्या कॉलवर. सर्व्हरवर नवीन व्हर्जन चढत होतं आणि आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत बसलो होतो. आमच्या टीममधला एक जण कार्डिफचा आहे, वेल्समधला. म्हणजे रग्बी त्याच्या रक्तात. त्याने चॅटवर एक लिंक टाकली आणि म्हणाला, बघण्यासारखा खेळाडू म्हणजे काय ते यात बघ.

क्लिप २७ जानेवारी १९७३ ची. कार्डिफमध्ये बार्बेरियन्स विरुद्ध न्यूझीलंड. फिल बेनेट नावाचा एक बारकासा खेळाडू आपल्याच गोलखांबांजवळ चेंडू उचलतो. न्यूझीलंडवाले अंगावर धावून येतात. कोणीही चेंडू बाहेर मारून मोकळा झाला असता. हा नुसता पाय बदलतो. एक जण हवेत हात मारून गेला, मग दुसरा, मग तिसरा. तिथून चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात जात पार दुसऱ्या टोकाला पोचतो आणि गॅरेथ एडवर्ड्स डाव्या कोपऱ्यात झेप घेतो. सामना बार्बेरियन्सनी २३-११ असा जिंकला. पण स्कोअर कोणाला आठवत नाही, ती धाव आठवते.

मी पहिल्यांदा बघितलं आणि तोंडातून निघालं, "अरे, ही तर चढाई आहे!"

बघा ना. एक माणूस, समोर सगळे त्याला पाडायला टपलेले, आणि गाठायची एक रेषा. रग्बीत हातात चेंडू असतो, कबड्डीत चेंडूच नाही. आपलं अंग हाच चेंडू. तो मध्यरेषेपर्यंत परत आणायचा, मग बोट टेकलं तरी चालतं.

तर कार्डिफवाल्याने विचारलं, "तुमच्याकडच्या अशाच एकाची क्लिप पाठव. त्याच काळातली." इथे माझी पंचाईत झाली.

टॉवर दिसायचा, चित्र नाही

त्याच काळातला म्हणजे कोण? सदानंद शेट्ये. कबड्डीसाठी पहिला अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, १९७२ सालचा. म्हणजे फिल बेनेट कार्डिफमध्ये पाय बदलत होता, तेव्हा आपल्याकडे देशातला अव्वल ठरलेला कबड्डीपटू महाराष्ट्रातच होता. अख्खी संध्याकाळ मी फोनवर शोधत बसलो. एकही चढाई हाताला लागली नाही.

कारण साधं आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला ते दिसायला लागलं १९७३ मध्ये, सिंहगडावर टॉवर उभा राहिल्यावर. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, कागदोपत्री आता राजगड तालुका. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून आत वळायचं. हवा स्वच्छ असली की राजगडावरून सिंहगडाचा तो टॉवर ओळखू येतो. पण टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडचं खोरं सावलीत. आमचे नाना, म्हणजे थोरले चुलते, म्हणतात, "गडावर गेलं की टॉवर दिसायचा. घरी आलं की मुंग्या दिसायच्या."

चित्र आमच्यापर्यंत येत नव्हतं, आणि आमचं चित्र काढायलाही कोणी येत नव्हतं. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांमध्ये भातकाढणी झाली की जागा सपाट करायची, फक्की मारून रेषा आखायच्या आणि खेळायचं. जत्रेला आजूबाजूच्या गावांचे संघ यायचे. हे सगळं शेकडो डोळ्यांनी बघितलं आणि एकाही कॅमेऱ्याने नाही.

नियम बदलला की हिरो बदलतो

आता थोडा इतिहास. कंटाळा करू नका, इथेच गंमत आहे.

आपल्याकडे याला म्हणायचे हुतूतू. बंगालात हा-डू-डू, तमिळनाडूत चेडुगुडु. खेळ तोच, पण रीत गावागणिक वेगळी. कुठे बाद झालेला गडी परत आत यायचा, कुठे नाही यायचा. संजीवनी, गामिनी, अमर अशी प्रकारांची नावंच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या मंडळींनी नियम एका धाग्यात ओवायला घेतले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, त्यात कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ आला. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी हा खेळ देशभर आणि देशाबाहेर नेला. त्यांचा वाढदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

यात खेळाडू कुठे आले? इथेच. कुठला खेळाडू बघायला मजा येते, हे बरंचसं नियमांवर ठरतं.

जुन्या खेळात चढाईला घड्याळ नव्हतं, होता फक्त दम. जितका दम तितकी चढाई. त्यामुळे तेव्हाचा हिरो म्हणजे लांब दमाचा गडी. पब्लिक डोळ्यांनी बघायचं तितकंच कानांनी ऐकायचं, दम तुटतोय का ते. मग तीस सेकंदांची मर्यादा आली आणि वेगाला भाव आला.

संजीवनी पद्धत पक्की झाली. समोरचा एक गडी मारला की आपला बाद झालेला एक परत येतो. म्हणजे एका स्पर्शात दोन कामं. मैदानात एकटा उरलेला गडी अख्खा संघ जिवंत करू शकतो. सगळे बाद झाले तर लोण, दोन गुण जास्तीचे.

बोनस रेषा आली. समोर सहा किंवा सात गडी असतील तर एक पाय त्या रेषेपलीकडे टेकायचा आणि दुसरा हवेत ठेवायचा, की गुण. यातून अनुप कुमारसारखा शांत खेळाडू मोठा झाला. हरियाणाचा, पण यू मुंबाचा कर्णधार म्हणून आपलाच वाटायचा. कोणाला हात न लावता, घाई न करता, बँकेत चेक भरून आल्यासारखा तो बोनस घेऊन यायचा.

मातीवरून खेळ मॅटवर गेला, अनवाणी पायांत बूट आले. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. तिसरी चढाई 'करो या मरो' झाली, म्हणजे नुसतं जाऊन येणं बंद. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर दोन गुण. त्यामुळे हरत आलेल्या संघाकडे बघण्यातही थरार आला.

माझी यादी

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते. माझ्या पिढीचे, डोळ्यांनी बघितलेले.

रिशांक देवाडिगा, मुंबईचा. २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून एकाच सामन्यात चढायांचे २८ गुण. हा पळत नाही, निसटतो. पकडणाऱ्याला वाटतं हातात आला, आणि हातात फक्त जर्सीचा वारा.

सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. बरोबर उलटा नमुना. सहाव्या हंगामात यू मुंबासाठी चढायांचे २१८ गुण, आणि पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांची बोली. तीन जण अंगावर घेऊन मध्यरेषेकडे निघाला की ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आठवतो. न्यूझीलंडचा जोना लोमू माहितेय? १९९५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, त्यातला एक तर समोरच्याला अक्षरशः तुडवून. सिद्धार्थ त्या घराण्यातला.

अस्लम इनामदार, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. पुणेरी पलटणचा कर्णधार. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं तेव्हा आमच्या हॉस्टेलवजा फ्लॅटमध्ये भांडी वाजवली होती. अस्लम चढाईलाही बघावा आणि बचावातही. असा दोन्हीकडचा खेळाडू दुर्मीळ.

आणि मी न बघितलेले, पण ज्यांच्याबद्दल बोलताना जुनी माणसं खुर्चीवरून उठून उभी राहतात ते आपल्या पुण्याचे: शांताराम जाधव आणि शकुंतला खटावकर. दोघांनाही अर्जुन पुरस्कार.

शकुंतलाताईंचं नाव आलंच आहे तर एक हिशेब सांगतो. एशियन गेम्समध्ये पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली. महिलांची आली २०१० मध्ये, ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षं. अठराव्या वर्षी तयार असलेली खेळाडू तेव्हा अडतीसची झाली.

या वीस वर्षांत पोरी खेळत नव्हत्या असं नाही. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये इराणच्या महिलांनी आपल्याला फायनलमध्ये २७-२४ हरवलं. त्या इराणच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन! २०२३ मध्ये हांगझूला आपण ते सोनं २६-२५ अशा एका गुणाने परत आणलं, आणि त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती.

आणि रग्बीसुद्धा आता परकी राहिली नाही बरं का. पुण्याची वहबीझ भरूचा भारतीय महिला रग्बी संघाची कर्णधार राहिली आहे. १५ जणींच्या रग्बीत भारतीय महिलांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला तो जून २०१९ मध्ये मनिलाला, सिंगापूरविरुद्ध, २१-१९. त्याची क्लिप आहे. जरूर बघा.

नाना काय म्हणाले

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बेनेटची क्लिप नानांना दाखवली. आवाज बंद करून. त्यांनी तीनदा बघितली. म्हणाले, "पाय बघ त्याचा. खांदा डावीकडं टाकतोय आन् निघतोय उजवीकडं. आपल्या घरात व्हती की अशी एक."

मला वाटलं स्वतःबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं, 'व्हती' म्हणाले.

माझी आत्या. नानांची धाकटी बहीण. शाळेच्या संघात चढाईला जायची. तालुका झाला, जिल्ह्याला गेली. दहावीनंतर पुढे खेळायचं तर भोरला राहायला हवं होतं. शेवटच्या एसटीची वेळ आणि सरावाची वेळ जुळत नव्हती, आणि मुलीला एकटीला ठेवणार कोण? पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलांसाठी खेळ म्हणजे रेल्वे, पोलीस, एखाद्या कंपनीत नोकरी लागण्याची वाट होती. चढाई चांगली पडली तर घर उभं राहायचं. ती वाट तिला कोणी दाखवली नाही. अठ्ठावीस वर्षांत मला हे कोणी सांगितलंही नव्हतं. मी तिला ओळखतो ते तिच्या हातच्या नाचणीच्या भाकरीमुळे.

भाऊबीजेला आत्या आली. मी क्लिप दाखवली, तिने फोन लांब धरून बघितली आणि म्हणाली, "बरा पळतोय. पण दम कुठं घालतोय?"

नानांनी अंगणात काठीने रेषा ओढली. आत्याने पदर खोचला. गुडघा दुखतो म्हणून पळाली नाही, नुसती चालत दाखवली ती चाल. डावा खांदा पुढे, नजरही डावीकडे, आणि पाय उजवीकडे. मी समोर कोपऱ्यात उभा होतो. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. तरी मी डावीकडेच गेलो.

चुलतभावाने ते फोनवर घेतलं. सतरा सेकंदांचं आहे, शेवटी नानांचा अंगठा लेन्सवर येतो. मी ते कार्डिफला पाठवलं. त्याने खाली एवढंच लिहिलं : "पुन्हा पाठव, यावेळी आवाजासकट."

आवाज होता त्यात. पण तिचा दम इतका हळू होता की फोनला ऐकूच गेला नाही.

तुमच्या घरातही असं कोणी असेल तर विचारा, आणि मोबाईल जरा जवळ धरा. भेटू पुढच्या भागात.