हिरवे पाणी निळे कसे झाले?

हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या काठावर, केत्तूर-कुगावच्या बाजूला, रोहित पक्षी उतरतात आणि मोबाइलवर त्यांची चलचित्रे घेतली जातात. या चित्रांतले पाणी पुष्कळदा गडद निळे असते. काठावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ठाऊक असते, की त्या दिवशी पाणी हिरवट होते. मग हा निळा रंग आला कोठून? उत्तरासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

मूकपटांच्या काळात चित्रपट कृष्णधवल असत. तरी रात्रीच्या प्रसंगाची फिल्म निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवीत, आगीच्या प्रसंगाची लाल रंगात. सारी चौकट एकाच रंगात न्हाऊन निघे. ही एक प्रकारची रंगचाळणीच होती. पुढे १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करवून घेण्यात आल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३७ साली अर्देशीर इराणी यांनी 'किसान कन्या' हा रंगीत चित्रपट भारतातच तयार केला. त्याची सिनेकलर पद्धत दोनच रंगांवर चाले. त्यामुळे खरा हिरवा तीत नीट साधत नसे. विषय शेतकऱ्याचा, आणि नेमका हिरवाच दुबळा!

२००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या अमेरिकन चित्रपटात उलटे घडले. हिरवीगार शेते चित्रित झाली होती. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी संगणकाच्या साह्याने ती वाळलेली, पिवळी करून घेतली. संपूर्ण चित्रपटाचे रंग संगणकावर बदलण्याच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक. करमाळा तालुक्याचा परिसर २०१६ च्या 'सैराट'मधून घरोघरी पोहोचला, तोवर असे रंगसंस्कार चित्रपटांत नित्याचे झाले होते. आज ते खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत.

हे घडते कसे? डिजिटल चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. १९२० × १०८० ठिपक्यांच्या एका चौकटीत २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर ५ कोटींहून अधिक ठिपके होतात. फिल्टर म्हणजे या सर्वांना लावलेला गणिती नियम.

एक नियम घेऊ: लाल निम्मा करा, हिरव्याचा निम्मा भाग निळ्यात मिळवा आणि हिरवा ६० टक्केच ठेवा. शेवाळलेल्या पाण्याचा ठिपका (९०, १४०, ६०) असेल, तर तो (४५, ८४, १३०) होतो. पाणी निळे झाले!

आता हाच नियम रोहिताच्या दोन पिसांना लावू. (२५०, २००, २००) मधला निळा ३०० होईल, (२५०, १८०, १८०) मधला २७०. पण मर्यादा २५५ ची, म्हणून दोन्हीकडे २५५ च लिहिले जाते. निळ्यापुरता त्यांच्यातला फरक पुसला गेला. बदललेल्या चित्रातले २५५ पाहून मूळ आकडा २०० होता की १८०, हे सांगता येत नाही.

येथे प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. पुण्याकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर शेवाळ पोसते. पाण्याचा हिरवा रंग ही त्याची खूण आहे. दहा वर्षांनी कोणी जुन्या चित्रफितींवरून पाण्याचा इतिहास मांडू लागला, तर निळी केलेली चित्रफीत त्याला चुकीची साक्ष देईल.

रंग बदलणे हा काही गुन्हा नव्हे. ती शंभर वर्षांची कला आहे. पण मूळ चित्रण तारीख आणि ठिकाण लिहून वेगळे जपून ठेवावे. वर्गात एकच चित्रफीत फिल्टरसह आणि फिल्टरविना दाखवावी. मग विद्यार्थ्यांना काठावर न्यावे आणि विचारावे: यांतले पाणी कोणते?