पावणेचार म्हणजे नक्की किती?

धामापूरहून मंगळूरच्या काजू व्यापाऱ्याची वेळ घ्यायची, तर आजोबा मालवणला जाऊन ट्रंककॉल बुक करत. त्याला मराठी येईना, यांना कन्नड, म्हणजे इंग्रजीच! किमान 3 मिनिटांचे पैसे पडायचे, म्हणून वाक्यं आधीच कागदावर लिहून न्यायचे.

1960 मध्ये लखनौ-कानपूर एसटीडी सुरू झाली. 1984 मध्ये सी-डॉट स्थापन झालं, त्याच्या एक्स्चेंजमुळे फोन खेड्यापाड्यांत पोचला. ताटकळणं संपलं, आणि तो कागदही गेला.

पहिल्या नोकरीत मी फोनवर 'क्वार्टर टू फोर' म्हणालो, क्लायंटने सव्वाचार ऐकलं. मीटिंग हुकली! आता आधी लिहितो: वार, तारीख, 'थ्री फॉर्टी-फाइव्ह'. मग समोरच्याकडून वदवून घेतो.

आजोबांचं बरोबर होतं राव.