धाराशिवच्या बायांनी जगाला दिलेला पुरावा

बचत गटाच्या बैठकीत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एकदम शांतता पसरते. कुणी पदर सावरते, कुणी चहा टाकायला उठते. म्हणून आज आम्ही औषधपाण्याची माहिती मागे ठेवून आधी इतिहास सांगणार आहोत. या इतिहासात मोठमोठे डॉक्टर आहेत, नोबेल पारितोषिक आहे. पण सगळ्यांत मोठा वाटा आपल्यासारख्या बायांचा आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणी धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या आहेत.

सुरुवात दूर देशी, इटलीतल्या व्हेरोना शहरात होते. १८४२ साली रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या मृत्यूंच्या जुन्या नोंदी काढून मोजल्या. गर्भपिशवीच्या कॅन्सरने लग्न झालेल्या बाया आणि विधवा मरत होत्या, पण मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये हा रोग क्वचितच दिसत होता. म्हणजे या रोगाचा संबंध नवरा-बायकोच्या संबंधाशी असावा, एवढं त्यांच्या लक्षात आलं. कारण काय, ते कळायला आणखी १४० वर्षं जावी लागली.

पुढचं पाऊल पडलं अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. जॉर्ज पापानिकोलाऊ हे ग्रीस देशातून तिथे गेलेले डॉक्टर. गर्भपिशवीच्या तोंडावरून झडणाऱ्या पेशी काचेवर पसरून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्यांची पत्नी आंद्रोमाखी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने राबायची. तपासायला स्त्रीच्या पेशी हव्या होत्या, तेव्हा तिने स्वतःच्या दिल्या, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. १९२८ साली पापानिकोलाऊंनी सांगितलं की अशा पेशींवरून कॅन्सर ओळखता येतो. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. १९४१ नंतर मात्र डॉक्टरांना ते पटलं. त्यांच्याच नावावरून या तपासणीला पॅप तपासणी म्हणतात. जिथे ती नेमाने झाली, त्या श्रीमंत देशांत या कॅन्सरने होणारे मृत्यू खूप घटले.

पण तिला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारी तयार नजर लागते, आणि अहवाल आला की बाईला परत बोलवावं लागतं. आपल्याकडे एक दिवसाची मजुरी बुडवून बाई एकदा येते. दुसऱ्यांदा येईलच याचा भरवसा नसतो.

तिसरी गोष्ट हेन्रिएटा लॅक्स या बाईची. ती अमेरिकेतली काळी बाई, पाच लेकरांची आई. १९५१ साली बाल्टिमोर शहरातल्या रुग्णालयात तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या गाठीचा तुकडा काढला गेला. तिला न विचारता तो संशोधनाला दिला गेला. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी ती वारली. तिच्या पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या आणि जगभर गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षं याचा पत्ता नव्हता. पुढे जर्मनीतले शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउजेन यांनी दाखवून दिलं की हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूचे प्रकार अनेक आहेत. त्यातला १६ नंबरचा प्रकार त्यांच्या गटाने १९८३ साली आणि १८ नंबरचा १९८४ साली शोधला. हाच १८ नंबरचा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींमध्येही सापडला. २००८ साली त्सुर हाउजेन यांना नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि संबंध आलेल्या बहुतेक बायापुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच. बहुतेकींच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या अंगात तो मुक्काम करतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणून अहवालात विषाणू आला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. आणि बाई वाकड्या वाटेने गेली, असा तर त्याचा अर्थ मुळीच नाही. या दहा-वीस वर्षांतच रोग अडवता येतो. सगळी तपासणी उभी आहे ती या सवडीवर.

आता आपल्या मातीकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिलीच नोंदवही. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. खेड्यातली बाई दवाखान्यात जात नाही, मग तिचा रोग नोंदणार कोण? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली. नोंदीतून दिसलं की आपल्या भागातल्या बायांमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त. आणि नुसतं समजावून सांगितल्यानेही बाया लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

याच पायावर १९९९ साली एक मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन त्याचे प्रमुख आणि बार्शीचे डॉ. नेने त्यांचे साथीदार. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या गावांचे चार भाग केले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात डोळ्यांनी बघून तपासणी. चौथ्या भागात तपासणी नाही, नेहमीचा जो दवाखाना असेल तोच.

डोळ्यांनी बघण्याची रीत साधी आहे. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक आम्ल पाण्यात पातळ करून गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो.

ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ आठ जणी आल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो. लाजेकाजेने खेड्यातली बाई येणार नाही, असं शहाणीसुरती माणसं म्हणतात. नीट सांगितलं, गावाजवळ सोय केली, तर बाई येते. उस्मानाबादच्या बायांनी ते पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.

आठ वर्षं या सगळ्या बायांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला. ज्या भागात तपासणी नव्हती, तिथे ३१,४८८ बायांमध्ये या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले. विषाणूची तपासणी झाली त्या भागात ३४,१२६ बायांमध्ये ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप तपासणी आणि डोळ्यांची तपासणी एकदाच केली, तर तेवढा फरक दिसला नाही. जगभरच्या डॉक्टरांपुढे आलेला हा भक्कम पुरावा होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागे या बायांच्या अंगावरचा पुरावाही आहे.

पण मैत्रिणींनो, त्या ६४ जणींना ओलांडून पुढे जायला आमचा पाय उचलत नाही. पॅप तपासणी जगाला कित्येक दशकं ठाऊक होती. मग हजारो बायांना तपासणीविना का ठेवलं, असा सवाल जाणत्या लोकांनी केला. त्यावर वादही झाला. संशोधकांचं म्हणणं असं की देशात सरकारी तपासणी कुठेच नव्हती, त्यामुळे त्या बायांच्या हातचं काही काढून घेतलं नाही, आणि तुलना केल्याशिवाय पुरावा मिळत नाही. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की गरिबाच्या घरी औषध नाही, हे त्याला औषध न देण्याचं कारण होऊ शकत नाही. आम्हांला दुसरं म्हणणं जड वाटतं. पण त्याहून मोठा सवाल पुढचा आहे. पुरावा हाती आल्यावर तरी काय केलं? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, तर ही तपासणी कधी तरी झालेल्या बाया देशात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. ज्यांनी पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांपर्यंतही तो पोचला नाही.

मुंबईतही असंच मोठं काम झालं. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायांचा अभ्यास १९९८ पासून केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून डोळ्यांची तपासणी करवली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. तिथेही निम्म्या बाया तपासणीविना होत्या, आणि तोच वाद त्याही अभ्यासावर झाला. २०१३ साली निकाल आला, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा बघून जे साधलं नाही, ते पुन्हा पुन्हा बघून साधलं. आणि या तपासणीला प्रत्येक वेळी मोठा डॉक्टर लागत नाही, हेही कळलं.

आता लसीची गोष्ट. विषाणूचं नुसतं पोकळ टरफल बनवून लस करता येईल, हे ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ साली दाखवलं. आत विषाणूचं बीज नाही, म्हणून लसीने हा रोग लागत नाही. २००६ साली लस बाजारात आली. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात मुलींना ती देण्याचा प्रकल्प निघाला. काही मुली दगावल्या आणि २०१० साली सरकारने तो थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आणखी एक गोष्ट उघड झाली. आश्रमशाळांत राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. हेन्रिएटाला विचारलं नाही ते १९५१ साली. या मुलींच्या आईबापांना विचारलं नाही ते २००९ साली.

त्याच वेळी देशात नऊ ठिकाणी, बार्शी, पुणे आणि मुंबई धरून, लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा वेगळा अभ्यास चालू होता. सरकारी आदेशाने तोही मध्येच थांबला. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता, त्या अर्ध्यात राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या तपासण्या केल्या. २०२१ साली कळलं की एका डोसनेही १६ आणि १८ नंबरच्या विषाणूच्या मुक्कामापासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुली आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला मान्यता मिळाली.

तपासणीची यंत्रंही आता लहान झाली आहेत. पुण्याच्या मायलॅबने आणि गोव्याच्या मोलबायोने विषाणू ओळखणाऱ्या देशी तपासण्या काढल्या आहेत. मोलबायोचं यंत्र बॅटरीवर चालतं, टीबीच्या तपासणीसाठी ते कितीतरी सरकारी दवाखान्यांत आधीपासूनच आहे. या तपासणीचा नमुना बाईला आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केलं आहे. लाजेचा अडसर त्याने बराच हलका होईल.

हे सगळं आम्ही का सांगतो? कारण ज्ञान पोचलं नाही तिथे भीती पोचली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं जातं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा ही भीती किती बायांना दाखवली होती, ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो, आणि तो औषधाने बरा होतो. तपासणीत बिघाड दिसलाच, तर पुष्कळदा तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून काही मिनिटांत उपचार होतो. पिशवी जागच्या जागी राहते.

तेव्हा येत्या बैठकीत एवढं करा. गटात तीस वर्षांवरच्या किती जणी आहेत, त्यांची यादी करा. सरकारच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. आशाताईंना विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते. होत नसेल तर गटाचा ठराव करून ग्रामसभेत मांडा. लेकी ९ ते १४ वर्षांच्या असतील तर लसीची चौकशी करा. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं असेल, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि कुठलाही कागद पुढे आला, तपासणीचा असो, लसीचा असो की ऑपरेशनचा, तर आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या. काय करणार, कशासाठी करणार, नाही म्हटलं तर काय होईल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्यावरच अंगठा उठवा. आपल्या बायांनी जगाला पुरावा दिला आहे, तेव्हा विचारायचा हक्क आपलाच आहे.