तीन आणि चार किती?

एक माणूस पूर्वेला ३ किलोमीटर चालला, मग उत्तरेला वळून ४ किलोमीटर चालला. पायांना विचाराल तर चाल ७ किलोमीटरांची झाली; पण निघाला तिथून सरळ रेषेत तो ५ किलोमीटरवरच आहे. चाललेले अंतर ही अदिश राशी, तर विस्थापन ही सदिश राशी. परीक्षेपुरती पाठ केलेली ही नावे. पण त्यांच्या मूळ इंग्रजी नावांमागे एका माणसाचे निम्मे आयुष्य उभे आहे.

डब्लिनचे गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन अनेक वर्षे एका कोड्याने बेजार होते. दोन अंकांची जोडी घेऊन सपाट पृष्ठभागावरचे गणित करता येई. मग अवकाशासाठी तीन अंकांचे त्रिकूट का नको? त्रिकुटांची बेरीज जमे, गुणाकार काही जमेना. सकाळी न्याहारीला आले की मुलेदेखील विचारत, ‘बाबा, गुणाकार जमला का?’ बाबा मान हलवत.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह रॉयल कालव्याच्या काठाने जाताना त्यांना उलगडले, की तीन नव्हे, चार अंक हवेत! तिथल्याच ब्रूम पुलाच्या दगडावर त्यांनी चाकूने ते सूत्र कोरले. ते केव्हाच पुसले गेले. १९५८ साली तिथे स्मृतिफलक बसवण्यात आला.

या चौकडीला त्यांनी ‘क्वाटर्नियन’ म्हटले. १८४६ साली तिच्या एकट्या अंकाला ‘स्केलर’ आणि उरलेल्या तिघांना ‘व्हेक्टर’ अशी नावे दिली. स्केलर म्हणजे एकाच मोजपट्टीवर मावणारा. व्हेक्टर म्हणजे वाहून नेणारा, एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत.

पुढची बावीस वर्षे हॅमिल्टननी याच विषयाला वाहिली. १८६५ मध्ये ते वारले. त्यांचा मोठा ग्रंथ १८६६ साली निघाला. पण काळाचा कौल वेगळा पडला. अमेरिकेतील गिब्ज आणि इंग्लंडमधील हेविसाइड यांनी ही चौकडीच फोडली. पदार्थविज्ञानाला स्केलर वेगळा आणि व्हेक्टर वेगळा एवढेच पुरे, असे त्यांचे म्हणणे. हॅमिल्टनचे अनुयायी टेट खवळले. १८९० नंतर ‘नेचर’ नियतकालिकात जोरदार खडाजंगी झाली. अखेर १९०१ साली गिब्जच्या व्याख्यानांवर आधारलेले विल्सन यांचे पाठ्यपुस्तक आले आणि नवी रीत रूढ झाली. चौकडी मागे पडली, तिची नावे मात्र राहिली. आज अवकाशयानाचा कल मोजताना आणि संगणकावरील चित्रे फिरवताना तीच चौकडी पुन्हा कामी येते. हॅमिल्टनचे श्रम वाया गेले नाहीत.

जाता जाता एक प्रश्न. विजेच्या प्रवाहाला दिशा असते, आपण त्याचा बाणही काढतो. मग तो सदिश का नाही? कारण ३ आणि ४ अँपिअरचे प्रवाह एका सांध्यात आले, की तारा कोणत्याही कोनात असोत, पुढे ७ अँपिअरच जातात. नुसता बाण काढून राशी सदिश होत नाही. तिची बेरीज कशी होते, ते पाहावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)