प्रसूतिपूर्व स्टेरॉइड आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ

मुदतीआधी कळा सुरू झाल्यावर गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला दिलेल्या स्टेरॉइडचा बाळाच्या काविळीवर होणारा परिणाम. ऑकलंड येथील ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून या उपचाराचा पाया घातला गेला. बीटामेथासोन १२ मिग्रॅ. २४ तासांच्या अंतराने दोनदा किंवा डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ. १२ तासांच्या अंतराने चारदा टोचतात. भारतात २०१४ च्या सरकारी सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या गरोदर स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी सहाय्यक परिचारिका-प्रसाविकाही (एएनएम) डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊ शकते.

तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते; ते रक्तात साठले की कावीळ दिसते. ते पाण्यात विरघळेल असे करून पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम. पण त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) ३० आठवड्यांच्या आत प्रौढांच्या जेमतेम ०.१ टक्का आणि त्यानंतर जन्मापर्यंत सुमारे १ टक्का एवढेच कार्यक्षम असते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते.

स्टेरॉइडमुळे या विकराची निर्मिती वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यावरून कावीळ कमी व्हायला हवी. प्रत्यक्ष बाळांवरील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. अप्रत्यक्ष फायदा अधिक भरवशाचा वाटतो. स्टेरॉइडमुळे मेंदूतील रक्तस्राव कमी होतो, आणि साकळलेले रक्त शोषले जाताना बनणारे जादा बिलिरुबिनही टळते. श्वास नीट चालला, की दूध लवकर सुरू करता येते. शी होऊ लागते आणि तिच्यावाटे बिलिरुबिन निघून जाते. प्राणवायूची कमतरता आणि रक्तातील आम्लता टळल्याने बिलिरुबिन मेंदूत शिरण्याचा धोकाही घटतो.

तरीही काविळीसाठी म्हणून स्टेरॉइड देत नाहीत, आणि ते मिळाले म्हणून तपासणीत सूट देणे धोक्याचे ठरते. पूर्ण दिवसांच्या बाळाला सहज सोसणारी बिलिरुबिनची पातळी २८ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकते; त्यामुळे त्याला फार लवकर निळ्या लाइटखाली ठेवतात. घरच्या कोवळ्या उन्हावर इथे विसंबता येत नाही. लाइटखाली त्वचेचा पिवळेपणा आधी ओसरतो, म्हणून रक्तातील प्रमाण पुन्हा पुन्हा मोजावे लागते.