गोळ्या न्यायला रुग्ण आलाच नाही, तर? मानसिक आरोग्यसेवेतला पाठपुरावा कसा चालतो

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आज किती नवे रुग्ण आले, हे रजिस्टर पाहिलं की लगेच कळतं. मागच्या महिन्यात येऊन गेलेल्यांपैकी या महिन्यात कोण आलंच नाही, हे मात्र तसं दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी जुनी पानं उलटून नावं काढावी लागतात, फोन करावे लागतात आणि फोन लागला नाही तर घर शोधत जावं लागतं. या कामाला पाठपुरावा किंवा 'आउटरीच' म्हणतात.

भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. याचं कारण म्हणून आपल्याकडे डॉक्टर कमी आहेत असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण जे एकदा डॉक्टरपर्यंत पोहोचतात, त्यातलेही अनेक जण नंतर येणं थांबवतात. त्यांची चर्चा कमी होते.

उपचार मध्येच का सुटतात?

कारणं बहुतेकदा साधीच असतात. तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशीच येतात. त्या दिवशी जायचं तर रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची, अशी दोघांची मजुरी बुडते. एसटीचं भाडं वेगळं. इतकं करून औषधं शिल्लक नसतील, तर पुढच्या खेपेला माणूस जाईलच असं नाही. गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतं, शेतात काम होत नाही. घरात लग्न ठरत असेल, तर दवाखान्याची फाइल लपवली जाते.

आणि सगळ्यात फसवं कारण म्हणजे बरं वाटणं. बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारेही खूप असतात. पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात अनेकदा 'मला काही झालेलंच नाही' असं वाटणं हा आजाराचाच भाग असतो. शिवाय औषध सोडल्यावर त्रास लगेच परत येतोच असं नाही. काही आठवडे, कधी काही महिने बरे जातात. त्यामुळे त्रास उलटला की घरच्यांना त्याचा गोळ्यांशी संबंध जोडताच येत नाही.

घरी जाऊन नेमकं काय करतात?

गोळ्या घेतल्या का, एवढं विचारून परत येणं म्हणजे पाठपुरावा नव्हे. या कामाचा भारतात नीट अभ्यास झाला आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०१४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त दवाखान्यातले उपचार मिळाले. बाकीच्यांकडे त्यासोबत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तेही वर्षभर जात होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. घरच्यांना आजार समजावणं, गोळ्यांची वेळ रोजच्या कामात बसवून देणं, अंघोळ-जेवणापासून कामधंद्यापर्यंतची घडी पुन्हा बसवायला मदत करणं आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचवणं, हे त्यांचं काम होतं.

वर्षाअखेर दुसऱ्या गटातल्या रुग्णांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी थोड्या अधिक कमी झालेल्या दिसल्या. 'थोड्या' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एकूण फरक माफक होता. ग्रामीण तामिळनाडूत मात्र तो ठळक होता.

सौम्य त्रासासाठी वेगळी पद्धत वापरली जाते. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने सुरू केलेला 'आत्मीयता' प्रकल्प नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातून पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. त्यात गावातलीच विश्वासू माणसं नैराश्य किंवा चिंतेने त्रासलेल्यांशी काही बैठकांमध्ये बोलतात आणि त्रास गंभीर वाटला तर दवाखान्यात पाठवतात.

सरकारी यंत्रणेत हे कोण करतं?

१९९६ मध्ये ४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका अशी टीम अपेक्षित आहे. अख्खा जिल्हा एका टीमकडे असतो. म्हणून गावपातळीवरचा भार आशाताईंवर येतो. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं हे सगळं सांभाळून तिने मनाच्या आजाराचीही विचारपूस करायची, तीही बहुतांशी कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर. रुग्णाच्या घरी तासभर बसण्याचे पैसे मिळणार नसतील, तर ती भेट पाच मिनिटांत उरकली जाणार, हे उघड आहे.

दार वाजवायचं, पण परवानगीने

गावात कोण कुणाकडे गेलं, हे लपत नाही. आशाताई वारंवार एकाच घरी गेल्या की शेजारी अंदाज बांधतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत काही गोष्टी विचारून ठेवणं बरं: तारीख चुकली तर फोन करायचा का? कुणाच्या नंबरवर? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं? बऱ्याच घरांत मोबाइल नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, म्हणून शेवटचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. 'येऊ नका' म्हणणाऱ्या रुग्णाच्या दारात रोज उभं राहणं हा पाठपुरावा नाही, ती पाळत झाली.

याच कायद्यात रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो. आपण आजारी पडल्यावर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आधीच लिहून ठेवता येतं.

ज्यांच्याकडे कुणीच येत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही मोफत सरकारी हेल्पलाइन सुरू आहे. नंबर आहे १४४१६. ती चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं आणि रुग्णाच्या घरच्यांनाही फोन करता येतो. गोळ्या संपत आल्या असतील आणि तारखेला जाणं जमणार नसेल, तर त्या संपण्याआधीच दवाखान्यात कळवावं. अनेक औषधं अचानक बंद केली तर त्रास होतो. ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करावी लागतात.